प्रायमरीतून पक्ष डावीकडे कसा न्यायचा: अमेरिकेतल्या मराठी मतदारांसाठी सविस्तर मार्गदर्शक

१३ सप्टेंबर २०१८ रोजी न्यूयॉर्क राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, झाली आणि राज्य सिनेटमधले सहा विद्यमान सदस्य एका रात्रीत घरी बसले. सहाही जण ‘इंडिपेंडंट डेमोक्रॅटिक कॉन्फरन्स’ या आठ जणांच्या गटातले. डेमोक्रॅट म्हणून निवडून यायचं आणि सभागृहात रिपब्लिकनांना साथ द्यायची, हा या गटाचा २०११पासूनचा खाक्या होता. भाडेकरूंचे, स्थलांतरितांचे, हवामानाचे कायदे वर्षानुवर्षं तिथेच अडायचे. त्यांच्या जागी नवे लोक आले, नोव्हेंबरमध्ये पक्षाने रिपब्लिकनांच्याही काही जागा घेतल्या, आणि २०१९च्या पहिल्या सहामाहीत गर्भपाताच्या हक्काचा कायदा, भाडेकरू संरक्षण कायदा, कागदपत्रं नसलेल्यांना ड्रायव्हिंग लायसन्स देणारा कायदा आणि हवामान कायदा असे एकापाठोपाठ एक मंजूर झाले. आज न्यूयॉर्कमध्ये घर भाड्याने घेताना घरमालकाला एका महिन्याच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट मागता येत नाही, ते याच कायद्यामुळे.

पक्ष डावीकडे नेणं म्हणजे काय, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्या माहितीत नाही. त्यासाठी ना राष्ट्राध्यक्ष बदलावा लागला, ना नवा पक्ष काढावा लागला. सुरक्षित मतदारसंघांतल्या मोजक्या प्रायमरी जिंकल्या, आणि जे वाचले त्यांना पुढचा नंबर आपला असू शकतो हे कळून चुकलं.

आपल्याकडच्या राजकारणात वाढलेल्या माणसाला यातली मेख चटकन लक्षात येत नाही. महाराष्ट्रात तिकीट वरून येतं. एबी फॉर्म कोणाच्या हातात पडतो यावर उमेदवारी ठरते. ज्याला तो मिळत नाही तो बंडखोरी करतो नाही तर मुकाट बसतो. अमेरिकेत एबी फॉर्म हा प्रकारच नाही. पक्षाचा उमेदवार कोण हे मतदार प्रायमरीत ठरवतात, आणि पुरेशा सह्या गोळा केल्या तर विद्यमान खासदाराविरुद्ध उभं राहण्यापासून पक्षश्रेष्ठी कोणालाही रोखू शकत नाहीत. पक्षाच्या आत शिरायला दार उघडं आहे. आपण बहुतेक जण ते वापरत नाही, एवढंच.

डावीकडे म्हणजे मला इथे काय अभिप्रेत आहे तेही सांगून ठेवतो: सर्वांना सरकारी आरोग्य विमा, भाडेवाढीला लगाम, जगण्यापुरतं किमान वेतन, युनियन बांधण्याचा खराखुरा हक्क, अतिश्रीमंतांवर जास्त कर. या गोष्टी व्हाव्यात असं मला मनापासून वाटतं आणि त्याच हेतूने हे लिहितो आहे.

आधी हे तपासा: तुम्हाला काय करता येतं

आपल्या लोकांत एकाच घरात नवरा एच-१बीवर, बायको ग्रीन कार्डावर, मुलं नागरिक अशी परिस्थिती असते, आणि नियम तिघांना वेगळे आहेत. इथे चूक झाली तर प्रकरण थेट इमिग्रेशनपर्यंत जाऊ शकतं, म्हणून नीट वाचा.

संघीय निवडणुकीत मतदान फक्त नागरिकांना. ग्रीन कार्डधारकाने लायसन्सच्या ऑफिसात फॉर्म भरताना चुकून मतदार नोंदणीच्या चौकोनात खूण केली, तरी पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ते आडवं येऊ शकतं. देणगी मात्र ग्रीन कार्डधारकाला स्वतःच्या पैशातून देता येते. एच-१बी, एल-१, विद्यार्थी व्हिसा अशा कोणालाही एक डॉलरसुद्धा देता येत नाही, ना खासदारकीच्या प्रचाराला, ना गावच्या कौन्सिलच्या. बायको नागरिक आहे म्हणून तिच्या नावाने नवऱ्याचे पैसे देणं हाही गुन्हाच. कंपनीतल्या लोकांनी द्यायचं आणि कंपनीने ते मागून भरून द्यायचं, हेही तसंच.

व्हिसावरच्या माणसाला विनामोबदला काम मात्र करता येतं: दारोदार जाणं, फोन करणं, पत्रकं मराठीत किंवा हिंदीत आणणं. प्रचाराच्या पैशांबद्दलच्या निर्णयांत भाग घ्यायचा नाही, आणि कामाचे पैसे घ्यायचे नाहीत.

अनेक महाराष्ट्र मंडळं करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली आहेत. अशा मंडळाला कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. गणपतीच्या मंडपात मतदार नोंदणीचं टेबल लावता येतं, पण ते सगळ्यांसाठी आणि पक्षनिरपेक्ष असावं लागतं. उमेदवाराचं काम करायचं तर मंडळाच्या बाहेर, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या फोनवरून करा. मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही त्यासाठी वापरू नका.

पायरी १: पक्षात नाव नोंदवा, तेही मुदतीत

२०१६मध्ये न्यूयॉर्कची प्रायमरी १९ एप्रिलला होती, आणि आधीच मतदार असलेल्याने पक्ष बदलायची मुदत ९ ऑक्टोबर २०१५लाच संपली होती. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढणाऱ्या डाव्या बर्नी सँडर्सना मत द्यायला निघालेले कितीतरी अपक्ष मतदार मतदान केंद्रावरून परत फिरले. नंतर तो कायदा सैल झाला. आता न्यूयॉर्कमध्ये जूनच्या प्रायमरीसाठी १४ फेब्रुवारीपर्यंत पक्ष बदलता येतो. तरीही चार महिने आधी.

न्यू जर्सीत कोणत्याही पक्षात नसलेला मतदार प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर जाऊन पक्ष सांगू शकतो. एका पक्षातून दुसऱ्यात जायचं असेल तर मात्र ५५ दिवस आधी फॉर्म द्यावा लागतो. पेनसिल्व्हेनियात त्या पक्षात नोंदणी केलेल्यांनाच मत, यालाच बंद प्रायमरी म्हणतात. मिशिगन, टेक्सास, इलिनॉय, जॉर्जिया इथे पक्षनोंदणीची अट नाही, त्या दिवशी कोणत्या पक्षाची मतपत्रिका घ्यायची ते मतदार ठरवतो. कॅलिफोर्नियाची तऱ्हाच निराळी: सगळ्या पक्षांचे उमेदवार एका यादीत, पहिले दोन नोव्हेंबरला. तिथे दोन डेमोक्रॅट नोव्हेंबरला समोरासमोर येऊ शकतात, आणि २०१६मध्ये फ्रीमाँटच्या भागात रो खन्ना यांनी माइक होंडा यांना असंच हरवलं.

माझ्या पाहण्यातले बहुतेक मराठी मतदार ‘कोणत्याच पक्षात नाही’ अशी नोंद करतात. कुठल्या पक्षाचा शिक्का नको, हे त्यामागचं कारण मी समजू शकतो. पण बंद प्रायमरीच्या राज्यात अशा मतदाराचा आवाज जिथे सर्वांत जास्त ऐकू जाईल, तिथेच तो बंद असतो. आपल्या काउंटीतला निकाल दर नोव्हेंबरला आधीच ठरलेला असेल तर खरी निवडणूक जूनमध्येच होऊन गेलेली असते.

पायरी २: लढायची जागा निवडा

या कामात सगळ्यात जास्त विचार इथे लागतो, आणि सगळ्यात जास्त उतावीळपणाही इथेच होतो. गुडघ्याला बाशिंग बांधून कुठेही उमेदवार उभा केला की कार्यकर्त्यांचं एक वर्ष वाया जातं.

पहिली कसोटी: नोव्हेंबरला पक्षाला धोका नसलेला बालेकिल्ला हवा. अटीतटीच्या जागेवर डावा उमेदवार दिला आणि जागा गेली, तर पुढची दहा वर्षं तेच उदाहरण तोंडावर फेकलं जातं. दुसरी: खासदार किंवा आमदार आपल्याच मतदारांच्या मानाने उजवीकडे असावा. शिकागोच्या नैर्ऋत्येकडच्या मतदारसंघातले डॅन लिपिन्स्की गर्भपाताच्या विरोधात होते आणि ओबामांच्या आरोग्य विमा कायद्याविरुद्ध त्यांनी मत दिलं होतं. २०१८मध्ये मेरी न्यूमन त्यांच्याकडून थोडक्यात हरल्या, खचल्या नाहीत, आणि २०२०मध्ये त्यांनाच हरवून जिंकल्या. एकाच जागेवर दोनदा लढायची तयारी असेल तरच पहिल्यांदा उतरा, हे त्यातून घ्यायचं. तिसरी: प्रतिनिधी मतदारसंघात दिसेनासा झालेला असावा.

न्यूयॉर्कच्या १४व्या मतदारसंघात या तिन्ही गोष्टी जुळल्या. जो क्राउली दहा वेळा निवडून आलेले, सभागृहातल्या डेमोक्रॅट नेत्यांत चौथ्या क्रमांकाचे, क्वीन्स काउंटीच्या पक्षसंघटनेचे प्रमुख. चौदा वर्षं त्यांना कोणी प्रायमरीत आव्हानच दिलं नव्हतं. एका वादचर्चेला ते स्वतः न जाता त्यांच्या वतीने दुसऱ्या बाई गेल्या. २६ जून २०१८ला अलेक्झांड्रिया ओकासियो-कोर्टेझ यांनी सुमारे ५७ टक्के मतं घेऊन त्यांना हरवलं. सात लाखांच्या वस्तीच्या त्या मतदारसंघात एकूण मतं पडली तीस हजारांहूनही कमी.

त्या शेवटच्या आकड्यावर थांबा, कारण सगळं गणित तिथेच आहे. तुमच्या काउंटीच्या निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर मागच्या तीन-चार प्रायमरींचे निकाल असतात. त्यातला सर्वांत जास्त मतदानाचा आकडा घ्या, तुमच्या प्रचाराने मतदान वाढेल म्हणून त्यात पाव हिस्सा मिळवा, निम्मे करा. ती तुमची गरज. राज्य विधिमंडळाच्या प्रायमरीत हा आकडा अनेकदा आठ-दहा हजारांच्या आत येतो. जोहरान ममदानी २०२०मध्ये अस्टोरियातून विधानसभेवर गेले तेव्हा विद्यमान सदस्य अरावेला सिमोटास यांना त्यांनी काही शे मतांनी हरवलं होतं. पाच वर्षांनी ते न्यूयॉर्कचे महापौर म्हणून निवडून आले.

म्हणून खालून सुरुवात करा: स्कूल बोर्ड, टाउनशिप, राज्य विधिमंडळ. खासदारकी नंतर. टेक्सासमध्ये हेन्री क्वेयार यांच्याविरुद्ध जेसिका सिस्नेरोस दोनदा लढल्या आणि २०२२च्या रनऑफमध्ये, म्हणजे पहिल्या दोघांतल्या पुढच्या फेरीत, फक्त २८९ मतांनी हरल्या. पक्षाचे मोठे नेते शेवटपर्यंत क्वेयार यांच्या मागे उभे होते, आणि मतदारसंघही नोव्हेंबरला पुरता सुरक्षित नव्हता, त्यामुळे ‘जागा जाईल’ ही भीती घालणं त्यांना सोपं गेलं.

पायरी ३: मतविभागणी टाळा

मतविभागणी हा शब्द मराठी माणसाला शिकवायला नको. बहुतेक राज्यांत प्रायमरीत सर्वांत जास्त मतं घेणारा जिंकतो, पन्नास टक्क्यांची अट नाही.

डेट्रॉइटचा १३वा मतदारसंघ बघा. २०२२मध्ये तिथे नऊ उमेदवार होते. बेळगावात वाढलेले, मराठी बोलणारे उद्योजक श्री ठाणेदार यांनी स्वतःचे लाखो डॉलर घातले आणि तीस टक्क्यांहून कमी मतांवर प्रायमरी जिंकली. कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेल्या त्या शहराची मतं अनेक कृष्णवर्णीय उमेदवारांत वाटली गेली, आणि सुमारे सात दशकांत पहिल्यांदाच डेट्रॉइटला काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. २०२६च्या प्रायमरीसाठी डाव्या आव्हानवीरांना बळ देणाऱ्या जस्टिस डेमोक्रॅट्स या संघटनेने डोनाव्हन मॅकिनी या आमदाराला त्यांच्याविरुद्ध पाठिंबा दिला. आपल्या भाषेचा माणूस वॉशिंग्टनला पोचला याचा आनंद मलाही झाला होता. पण पक्ष डावीकडे न्यायचा असेल तर आपला माणूस असला तरी त्याच्या मतदानाची यादी उघडून बघावी लागेल, आणि हा नियम बेळगावच्या माणसालाही लागू आहे.

एकच उमेदवार ठरवण्याचं काम अर्ज भरायच्या आधी, बंद खोलीत, संघटनांनी एकत्र बसून करायचं असतं. युनियन, भाडेकरू संघटना, डीएसएची (डेमोक्रॅटिक सोशालिस्ट्स ऑफ अमेरिका) स्थानिक शाखा, वर्किंग फॅमिलीज पार्टी हा छोटा डावा पक्ष, शेजारच्या मशिदी-देवळांतले सक्रिय लोक. ज्याने माघार घ्यायची त्याला पुढच्या वेळेचा शब्द द्या आणि तो पाळा. २०२०मध्ये ब्राँक्स-वेस्टचेस्टरच्या लढतीत आंदोम गेब्रेगिओर्गिस यांनी मतदानाला काही आठवडे उरले असताना माघार घेऊन जमाल बोमन यांना पाठिंबा दिला, आणि बोमन यांनी एलियट एंगल यांच्यासारख्या मुरलेल्या खासदाराला मोठ्या फरकाने हरवलं.

जिथे पसंतीक्रमाने मतदान होतं तिथे डाव निराळा. न्यूयॉर्क शहरात प्रायमरीत पाच जणांना क्रम देता येतो. २०२१मध्ये डाव्यांचे गट महापौरपदासाठी शेवटपर्यंत एकमेकांत अडकले आणि एरिक अ‍ॅडम्स ७,१९७ मतांनी जिंकले. २०२५मध्ये ममदानी आणि त्याच पदासाठी लढणारे ब्रॅड लँडर यांनी एकमेकांना दुसरा क्रम द्यायला आपापल्या मतदारांना जाहीरपणे सांगितलं, वर्किंग फॅमिलीज पार्टीने अख्खी यादी क्रमाने दिली, आणि माजी गव्हर्नर अँड्र्यू कोमो यांना कोणीच क्रम देऊ नका हा निरोप घरोघरी गेला. शेवटच्या फेरीत ममदानी ५६ टक्क्यांवर गेले.

पायरी ४: विचारसरणी नव्हे, महिन्याचा खर्च

दारात उभं राहून भांडवलशाहीवर बोलणारा कार्यकर्ता मला कधी मत मिळवताना दिसला नाही. ममदानी यांचे मुद्दे बोटांवर मोजता येतील एवढे होते: नियंत्रित घरांचं भाडं गोठवा, बस मोफत आणि वेगवान करा, मुलांच्या सांभाळाचा खर्च सरकारने उचला. नोव्हेंबर २०२४मध्ये ट्रम्प निवडून आल्यावर ते कॅमेरा घेऊन ब्राँक्समधल्या फोर्डहॅम रोडवर आणि क्वीन्समधल्या हिलसाइड अ‍ॅव्हेन्यूवर उभे राहिले आणि लोकांना विचारलं, तुम्ही ट्रम्पना मत का दिलंत, किंवा मतच का दिलं नाहीत. लोक महागाईवर बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही.

तुमच्या भागात तो मुद्दा वेगळा असेल. एडिसनमध्ये मालमत्ता कर आणि डे-केअर, सनीव्हेलमध्ये भाडं, एखाद्या छोट्या गावात बंद पडलेलं हॉस्पिटल. पन्नास-साठ घरांत नुसतं विचारत फिरा आणि जे तीन मुद्दे पुन्हा पुन्हा येतील तेवढेच पत्रकावर घ्या. चौथा घेऊ नका.

पायरी ५: सह्या

इथे सगळ्यात चांगले उमेदवार आपटतात. मिशिगनमध्ये खासदारकीच्या प्रायमरीसाठी एक हजार वैध सह्या लागतात. २०२४मध्ये ठाणेदारांविरुद्ध उभे राहिलेले अ‍ॅडम हॉलियर यांच्या वैध सह्या तपासणीनंतर हजाराच्या खाली आल्या, कारण पैसे देऊन नेमलेल्या माणसांनी आणलेल्या कागदांवर बनावट सह्या निघाल्या. मतदान होण्याआधीच त्यांचं नाव मतपत्रिकेवरून गेलं.

न्यूयॉर्कमध्ये खासदारकीसाठी १,२५० लागतात. गरजेच्या तिप्पट-चौपट गोळा करा, कारण प्रतिस्पर्ध्याचा वकील एकेक ओळ तपासणार आहे. सही करणारा त्याच पक्षाचा नोंदणीकृत मतदार हवा, त्याच मतदारसंघात राहणारा हवा, आणि त्याने आधी दुसऱ्या उमेदवाराच्या कागदावर सही केलेली नसावी. तारीख खाडाखोड केलेली चालत नाही. खाली साक्षीदार म्हणून तुम्ही सही करता, तीही बहुधा त्याच पक्षाच्या मतदाराने करायची. रोज संध्याकाळी दिवसभराचे कागद मतदार यादीशी ताडून बघा आणि चुकीच्या ओळी त्याच वेळी बाजूला काढा. सह्या पैसे देऊन करून घेऊ नका. स्वयंसेवकांनी आणलेली सही ही पहिली भेटही असते, तो माणूस पुढे मतदार म्हणून तुमच्या यादीत येतो.

पायरी ६: दारोदार

डेमोक्रॅटिक प्रचारांत मतदार यादीसाठी व्हॅन नावाची प्रणाली वापरतात, तिचं अ‍ॅप फोनवर असतं. विद्यमान खासदाराविरुद्ध लढणाऱ्याला पक्ष ती यादी देईलच असं नाही, म्हणून हा खर्च आणि पर्यायी व्यवस्था आधीच धरून ठेवा. २०१९मध्ये पक्षाच्या संसदीय प्रचार समितीने तर जाहीर केलं होतं की आव्हानवीरांचं काम घेणाऱ्या सल्लागारांना आणि कंपन्यांना आम्ही काम देणार नाही. दोन वर्षांनी तो नियम उठला, पण त्यामागची वृत्ती गेली असं समजू नका.

यादीत मागच्या प्रायमरींत मत दिलेल्यांकडे आधी जा. मग ज्यांची पक्षात नोंद आहे पण जे फक्त नोव्हेंबरला मत देतात, त्यांच्याकडे. आपली बहुतेक माणसं या दुसऱ्या गटात सापडतात. न्यू जर्सीत एखाद्या मराठी घराची बेल वाजवली की संवाद साधारण असा होतो:

“काका, तुमची नोंद डेमोक्रॅटिक आहे ना?”

“हो, पण मतदान नोव्हेंबरला असतं ना? अजून सहा महिने आहेत.”

“ते वेगळं. आपल्या पक्षाचा उमेदवार कोण हे जूनमध्येच ठरतं. मागच्या वेळी तुमच्या या गल्लीतून जूनला चार जणांनीच मत दिलं होतं.”

“चारच?” काका मागे वळून आत हाक मारतात, “अगं, ऐकलंस का?”

गल्लीतला आकडा बरोबर असावा लागतो, तो यादीतून आधी काढून ठेवा. उमेदवाराचं नाव यानंतर घ्या. दारावरून निघताना माणसाला एक ते पाच असा आकडा द्या: एक म्हणजे नक्की आपला, तीन म्हणजे तळ्यात-मळ्यात, पाच म्हणजे समोरच्याचा. प्रामाणिकपणे द्या. गोड बोलून चहा पाजणाऱ्या प्रत्येकाला ‘एक’ दिलं तर शेवटच्या चार दिवसांत ज्यांना मतदानाला बाहेर काढायचं ती यादीच खोटी निघते. तीनवाल्यांकडे पुन्हा जा, शक्यतो त्यांच्या ओळखीच्या माणसाला घेऊन. पाचवाल्यांशी वाद घालत वेळ घालवू नका. मतदानाआधीच्या आठवड्यात फक्त एक आणि दोन: टपाली मतपत्रिका पाठवली का, लवकर मतदानाचं केंद्र कुठे, कोण गाडीने सोडणार.

पायरी ७: पैसा

संघीय निवडणुकीत २०२५-२६ साठी एका व्यक्तीला एका उमेदवाराला प्रायमरीसाठी ३,५०० डॉलर आणि नोव्हेंबरसाठी पुन्हा तेवढेच देता येतात. २०० डॉलरच्या वर गेलात की तुमचं नाव आणि नोकरी जाहीर नोंदीत येते. डाव्या प्रचारांचा कणा म्हणजे दर महिन्याला पाच-दहा डॉलर देणारे हजारो लोक. न्यूयॉर्क शहरात तर महापौरपदासाठी रहिवाशाने दिलेल्या पहिल्या २५० डॉलरपर्यंत शहर आठपट रक्कम घालतं. ममदानी यांची प्रायमरीची मर्यादा मार्च २०२५मध्येच भरली, तेव्हा त्यांनी समर्थकांना सांगितलं की आता पैसे नको, वेळ द्या.

समोरून काय येईल याची तयारी ठेवा. २०२४मध्ये जमाल बोमन यांच्याविरुद्ध इस्रायलसमर्थक लॉबी अ‍ॅपॅकशी जोडलेल्या सुपर पॅकने (हवा तेवढा खर्च करू शकणाऱ्या प्रचारगटाने) सुमारे दीड कोटी डॉलर ओतले, मिझुरीत कोरी बुश यांच्याविरुद्ध ऐंशी लाखांच्या वर. दोघंही हरले. जाहिराती इस्रायलवर नव्हत्या. २०२१च्या पायाभूत सुविधा विधेयकाविरुद्ध दोघांनी दिलेलं मत त्यांत पुन्हा पुन्हा दाखवलं गेलं. तुमचा कमकुवत दुवा समोरचा तुमच्या आधी शोधतो. म्हणून प्रत्येक अवघड मताचं उत्तर मत दिल्याच्या दुसऱ्या दिवशीच मतदारसंघात पत्राने, सभेने, दारावर गेलं पाहिजे. पिट्सबर्गच्या समर ली यांनी २०२२मध्ये असाच मारा सोसला, हजाराहून कमी मतांनी जिंकल्या, आणि पुढची दोन वर्षं मतदारसंघात पाय रोवून २०२४मध्ये मोठ्या फरकाने परत आल्या.

पायरी ८: नोव्हेंबर गृहीत धरू नका

बफेलो शहरात २०२१च्या जूनमध्ये इंडिया वॉल्टन यांनी चार वेळचे महापौर बायरन ब्राउन यांना प्रायमरीत हरवलं. ब्राउन यांनी प्रचार जवळजवळ केलाच नव्हता. मग ते जागे झाले, मतपत्रिकेवर नाव हाताने लिहून मत देण्याची मोहीम काढली, शहरातले धनिक आणि पक्षातली जुनी मंडळी त्यांच्या मागे गेली, आणि नोव्हेंबरला ते सहज जिंकले. प्रायमरीच्या रात्री आनंद करा, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पराभूत उमेदवाराच्या मतदारांकडे जायला लागा. युनियन, धर्मगुरू, जुने बूथ कार्यकर्ते. ममदानी यांच्यासमोरही कोमो अपक्ष म्हणून उभे राहिलेच. तोवर ममदानींनी आधीच्या विरोधकांतल्या अनेकांना वळवून घेतलं होतं.

पायरी ९: निवडून आल्यावर

एकटा डावा खासदार फार तर चांगलं भाषण करतो. पक्ष हलतो तो गटामुळे, आणि गटाचं वजन बहुमत किती काठावर आहे यावर ठरतं. २०२१मध्ये प्रतिनिधी सभागृहातल्या पुरोगामी गटाने पायाभूत सुविधा आणि सामाजिक खर्चाची दोन्ही विधेयकं एकत्रच मंजूर व्हावीत अशी अट घातली आणि काही महिने ती टिकवली. नोव्हेंबरमध्ये गट सैल झाला, पहिलं विधेयक पुढे गेलं, फक्त सहा डेमोक्रॅट विरोधात उरले. डिसेंबरमध्ये डेमोक्रॅट सिनेटर जो मॅनचिन यांनी दुसऱ्याला नकार दिला. पुढच्या वर्षी हवामानाचा भाग वेगळ्या कायद्यात आला, बालसंगोपनाचा आलाच नाही. हातातली वस्तू सोडल्यावर मागण्यासारखं काही उरत नाही, हे गटाने आधीच लेखी ठरवून ठेवायला हवं: कोणत्या अटीवर एकत्र मत, कोण शेवटपर्यंत थांबणार.

आपल्या बाजूला सरकलेल्या जुन्या नेत्याचं रक्षण करणं हेही याच कामात मोडतं. मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर एड मार्की यांनी २०१९मध्ये ग्रीन न्यू डीलचा, म्हणजे हवामान आणि रोजगाराच्या मोठ्या सरकारी योजनेचा, ठराव मांडला. २०२०मध्ये केनेडी घराण्यातला तरुण उमेदवार त्यांच्याविरुद्ध उभा राहिला तेव्हा हवामान चळवळीतली मुलं मार्कींसाठी धावली आणि ते जिंकले. इतर सिनेटरांनी ते बघितलं. डावीकडे आल्यावर कोणीतरी पाठीशी उभं राहतं हे दिसलं नाही, तर पुढचा कोण येणार?

पायरी १०: पक्षाच्या आतली पदं

काउंटी कमिटी म्हणजे पक्षाची स्थानिक समिती. तिच्यातली पदं अनेक ठिकाणी रिकामी असतात, आणि तिथूनच उमेदवारांना पाठिंबा, पदाधिकाऱ्यांची निवड, रिक्त जागांवरच्या नेमणुका ठरतात. न्यू जर्सीत तर काउंटीचे पुढारी आपल्या पसंतीचे उमेदवार मतपत्रिकेवर एका ओळीत, ठळक जागी बसवायचे. तेव्हा सिनेटसाठी लढणारे खासदार अँडी किम यांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि मार्च २०२४मध्ये संघीय न्यायाधीशांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीसाठी ती पद्धत थांबवली. तेव्हापासून तिथे बाहेरच्या उमेदवाराला पहिल्यांदाच बरोबरीची संधी आहे.

पदं मिळवताना नेव्हाडा लक्षात ठेवा. मार्च २०२१मध्ये डाव्या गटाने राज्य पक्षाची सगळी पदं जिंकली. जुने कर्मचारी एकजात राजीनामा देऊन गेले, पक्षाचा पैसा आधीच दुसरीकडे वळवला होता, आणि जुन्या मंडळींनी एका काउंटीच्या नावाखाली समांतर यंत्रणा उभी केली. २०२३मध्ये ती पदं परत गेली. निवडून आलेले आमदार, युनियन आणि पैसा उभा करण्याची ताकद सोबत नसेल तर नुसतं अध्यक्षपद घेऊन उपयोग नाही. म्हणून आधी पायरी २ ते ९, मग राज्य पक्षाची खुर्ची.

गल्लीतलं काउंटी कमिटीचं पद मात्र लगेच घ्या. न्यू जर्सीत त्यासाठी थोड्याच सह्या लागतात, अर्ज मार्चमध्येच द्यायचा असतो, आणि तुमच्या मतदान केंद्राच्या हद्दीतलं ते पद आज रिकामं आहे का हे काउंटी क्लार्कच्या कार्यालयात एक फोन केला की कळतं.